उन्हासाठी दुरुस्त केलेली गाडी बर्फात

अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला आणि रोहतांग खिंड बंद असतानाही हिमाचलमधल्या लाहौलमध्ये गाडी नेणे शक्य झाले. तेव्हापासून दर वर्षी दिवाळी उलटली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही बर्फ पडू लागतो. ठाण्यात पंखा एकवर ठेवावा की दोनवर एवढाच काय तो आपल्याकडे थंडीचा प्रश्न असतो. पण त्याच सुमारास इथल्या पासिंगच्या गाड्या शून्याखाली दहा अंशांत उभ्या असतात आणि पहाटे सुरू होत नाहीत. या अंकासाठी पाच पत्रे मुद्दाम एकत्र घेतली आहेत. त्यांतल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ हिमालयात नसून इथल्याच गॅरेजांत, मे महिन्याच्या उन्हात घाईने केलेल्या दुरुस्त्यांत आहे, असे माझे मत झाले आहे.

प्रश्न : माझी डिझेल गाडी २०१६ सालची असून ९२,००० किलोमीटर चालली आहे. जानेवारीत आई, पत्नी आणि दोन मुले यांच्यासह मनाली आणि पुढे सिस्सू, केलाँग येथे जाण्याचा विचार आहे. नेहमीच्या मेकॅनिकने कूलंट भरून दिले आणि ‘गाडी टकाटक आहे’ असे सांगितले. दोन वर्षांपूर्वी बोरघाटात गाडी गरम झाली होती, तेव्हा त्यानेच एक व्हॉल्व काढून टाकला होता; त्यानंतर काही त्रास झालेला नाही. निघण्यापूर्वी आणखी काय करून घ्यावे?
– एक वाचक, खारघर

उत्तर : आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण जाता जाता लिहिली आहे. काढून टाकलेला तो व्हॉल्व म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन थंड असताना तो बंद राहून पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरवतो आणि ते साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापले की उघडून रेडिएटरची वाट मोकळी करतो. गाडी गरम झाली की हा व्हॉल्वच काढून टाकायचा, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. गरम होण्याचे खरे कारण बहुतेक वेळा बुजलेला रेडिएटर, थकलेला वॉटर पंप किंवा न फिरणारा पंखा हे असते. व्हॉल्व काढल्याने कारण तसेच राहते आणि काटा मात्र खाली येतो. सायन-पनवेल रस्त्यावर ३५ अंशांच्या हवेत ही लबाडी उघडी पडत नाही. केलाँगला बाहेर उणे दहा असताना पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमध्ये जाऊन गार होत राहील, इंजिन कधीच पुरते तापणार नाही, अर्धवट जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरेल आणि मागच्या सीटवर बसलेल्या आपल्या आईंना हीटरमधून कोमट वाऱ्यापलीकडे काही मिळणार नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आलेल्या एका गाडीच्या थर्मोस्टॅटचे झाकण मी उघडले, तेव्हा आत नुसती रबरी रिंग होती आणि तिच्याभोवती विटकरी गाळ बसला होता. तो कूलंट नव्हता. नळाचे पाणी आणि गंज यांचा तो काढा होता. आपण नवा थर्मोस्टॅट बसवून घ्या आणि बसवण्यापूर्वी मेकॅनिकला तो दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लटकवून, पाणी तापवून दाखवायला सांगा. उकळी येण्याच्या आधी मधली चकती सावकाश वर उचलली गेली आणि पाणी निवल्यावर पुन्हा घट्ट बसली, तर व्हॉल्व चांगला आहे. दहा मिनिटांचे हे काम ग्राहकासमोर करायला कोणत्याही मेकॅनिकला कमीपणा वाटू नये. मूळ तक्रारीसाठी रेडिएटर आणि पंखाही त्याच वेळी तपासावा, नाहीतर परतीच्या प्रवासात घाट पुन्हा आडवा येईल.

‘कूलंट भरून दिले’ या शब्दांवरही विसंबू नका. इथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे असले, तर ते मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. वर्षभर बाटलीतले, नळाचे, सापडेल ते पाणी ओतत गेल्याने ग्लायकॉल एक तृतीयांशावर आले असेल, तर हीच मर्यादा उणे १७-१८ वर येते, आणि त्याहून पातळ झाले असेल तर लाहौलची एक रात्र पुरेशी आहे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि त्या फुगण्यापुढे इंजिनाचा ब्लॉकसुद्धा तडकतो. उलट, जास्त घट्ट तेवढे चांगले असे समजून नुसते ग्लायकॉल भरणेही चूक आहे, कारण शुद्ध ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठते. हिरव्या किंवा गुलाबी रंगावरून प्रमाण कळत नाही. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाकून आकडा वाचावा लागतो, आणि ते उपकरण ज्याच्याकडे असेल त्याच्याकडेच हे काम द्यावे.

त्यानंतर हीटर तपासा. आपल्या भागात हीटरचा छोटा रेडिएटर गळू लागला की तो बदलण्याऐवजी त्याचे दोन पाइप एकमेकांना जोडून टाकतात, आणि ठाण्यात हीटर लावतो कोण, असा त्यामागचा हिशेब असतो. गाडी वीस मिनिटे चालवून हीटर पूर्ण सोडा आणि इंजिन-केबिनमधल्या पत्र्यातून आत जाणारे दोन्ही पाइप हाताने चाचपून बघा. दोन्ही सारखे गरम असले तर पाणी फिरते आहे. एक गरम आणि एक थंड असेल तर आत गाळ अडकला आहे. काचेवरची वाफ घालवण्याचे कामही हाच हीटर करतो, त्यामुळे याला केवळ चैन समजू नये.

थंड इंजिन सुरू होण्यासाठी सिलिंडर आतून तापवणाऱ्या हीटर प्लगांची गोष्ट अशीच आहे. चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात चार प्लग असतात, त्यांतले दोन जळालेले असले तरी खारघरमध्ये गाडी अर्ध्या सेल्फला उचलते आणि वर्षानुवर्षे कोणाला कळत नाही. प्रत्येक प्लगची वायर सोडून मीटरने तपासून घ्या. बदलायचे झाल्यास इंजिन कोमट असताना सोडवायला सांगा, कारण जुना प्लग थंड हेडमध्ये पिळताना तुटला तर शंभर रुपयांच्या कामाचे हजारो होतात.

बॅटरी तीन वर्षांपुढची असेल तर लोड टेस्ट करूनच निघावे. उणे १८ अंशांना पूर्ण चार्ज बॅटरीचीही इंजिन फिरवण्याची ताकद बरीच घटते, आणि त्याच वेळी घट्ट झालेले ऑइल सेल्फकडून जास्त जोर मागते. ऑइलच्या डब्यावरचा डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वाहतेपणाचा असतो. १५डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे २० अंशांना आणि ५डब्ल्यूची उणे ३० ला होते. कंपनीच्या पुस्तिकेत आपल्या इंजिनाला ५डब्ल्यू चालत असेल, तर या प्रवासापुरते तेच भरावे. पुस्तिकेत नसेल तर केवळ मी लिहिले म्हणून भरू नये.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत. काच धुण्याच्या टाकीत साधे पाणी ठेवू नका. ओल्या रस्त्यावरून आल्यावर रात्री हँडब्रेक ओढण्याऐवजी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा, नाहीतर सकाळी ब्रेक चिकटलेला असेल. गोठलेल्या काचेवर गरम पाणी कधीही ओतू नका. बर्फासाठीच्या साखळ्या इंजिन ज्या चाकांना फिरवते त्यांनाच लावायच्या असतात, आणि त्या लावण्याचा सराव सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा करून घ्यावा. शेजारी हसतील, पण सोलंगच्या उतारावर बोटे बधिर झालेली असताना शिकण्यापेक्षा ते परवडते. टायरमधल्या हवेबद्दल मात्र घाबरू नका. तापमान ४० अंशांनी उतरल्यामुळे टायरमधला दाब सुमारे सात पीएसआयने घटतो, पण ३,००० मीटरवर बाहेरच्या हवेचाच दाब कमी असल्याने मीटरवर चार-साडेचार पीएसआय परत मिळतात. तिथे पोचल्यावर सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, एकदा मोजावे एवढेच.

प्रश्न : गेल्या जानेवारीत सिस्सू येथे पहाटे माझी बीएस-६ डिझेल गाडी सुरू झाली नाही. सेल्फ जोरात फिरत होता. एका ट्रकचालकाने टाकीखाली शेकोटी पेटवली आणि नंतर टाकीत पाच लिटर रॉकेल ओतायला लावले. तासाभराने गाडी सुरू झाली व आम्ही ठाण्याला परतलो. आता घाटात पिकअप मिळत नाही, मधूनच इंजिनाचा दिवा लागतो. डिझेल भेसळीचे होते का?
– एक वाचक, घोडबंदर रस्ता

उत्तर : डिझेल भेसळीचे असण्याची शक्यता कमी आहे. जानेवारीतल्या एखाद्या गार सकाळी घरातली खोबरेल तेलाची बाटली पांढरी होऊन बसते, तेव्हा आपण दुकानदाराशी भांडायला जात नाही. डिझेलचेही तसेच आहे. त्यात मुळातच मेण विरघळलेले असते; थंडी वाढली की आधी त्याचे बारीक कण होऊन डिझेल गढूळ दिसते, मग ते कण फिल्टरच्या कागदावर थर धरतात, आणि शेवटी टाकीतले डिझेल ओघळायचेच थांबते. भारतीय मानकाप्रमाणे साध्या डिझेलचा हा ओघळ-बिंदू उन्हाळ्यात जास्तीत जास्त १५ अंश आणि हिवाळ्यात जास्तीत जास्त ३ अंश असला तरी चालतो. ठाण्यात किंवा वाटेत गुजरात-राजस्थानात भरलेले, मानकाला पूर्ण उतरणारे डिझेलसुद्धा सिस्सूच्या रात्री जमू शकते. याच कारणासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी पानिपत रिफायनरीत तयार केलेले, उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल आणले.

सेल्फ जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरी ठीक होती आणि इंजिनापर्यंत डिझेल पोचत नव्हते, हे निदान त्या ट्रकचालकाने अचूक केले. त्याचे उपाय मात्र जुन्या ट्रकचे होते. आजच्या मोटारींच्या टाक्या बहुधा प्लॅस्टिकच्या असतात आणि शेजारूनच ब्रेकचे पाइप जातात. शेकोटीने आपली गाडी सुरू झाली याहून ती पेटली नाही हे मोठे नशीब समजा. रॉकेलाने मेण पातळ होते हे खरे, पण आपल्या गाडीतला उच्च दाबाचा पंप वंगणासाठी डिझेलवरच अवलंबून असतो. रॉकेलात तो स्निग्धपणा फार कमी असतो. जुन्या ट्रकचा पंप हे सहन करी. हजार-दीड हजार बारच्या पुढे दाब तयार करून सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून (रेलमधून) डिझेल पुरवणारा कॉमन रेल पंप करत नाही.

आता क्रम चुकवू नका. आधी इंजिनाच्या दिव्याचा कोड स्कॅनरवर वाचून तो कागदावर लिहून घ्यावा आणि मगच पुसावा. नंतर डिझेल फिल्टर काढून, नुसता फेकून न देता, पक्कडीने कापावा आणि आतला कागद उलगडून उजेडात तिरका धरावा. तो नुसता काळपट असेल तर नवा फिल्टर आणि ताजे डिझेल एवढ्यावर बहुतेक निभावेल. चंदेरी चुरा चमकला, तर पंप आतून झिजू लागला आहे, आणि अशा वेळी फक्त इंजेक्टर बदलण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. चुरा टाकीपासून रेलपर्यंत सगळीकडे गेलेला असतो आणि नवे इंजेक्टरही महिन्याभरात खराब होतात. चुरा नसेल आणि तरीही पिकअप येत नसेल, तर रेलचा दाब आणि इंजेक्टरची परतीची गळती मोजायला सांगावी.

पुढच्या वेळी वर चढण्यापूर्वी टाकी बरीच रिकामी करत न्यावी आणि डोंगरातल्या पंपावर, हिवाळी डिझेल आहे का हे विचारून, पूर्ण भरावी. फिल्टरखालचे पाणी आधीच काढून टाकावे. डिझेल जमू नये म्हणून मिळणारे द्रव ते जमण्याच्या आधीच टाकायचे असते, जमलेले मेण त्याने वितळत नाही. आणि इतके करूनही गाडी अडली, तर गरम पाण्यात बुडवून पिळलेले फडके फिल्टरभोवती गुंडाळून वाट बघावी. रात्री गाडी बोनेटवर सकाळचे ऊन येईल अशी उभी केलेली असली, की नऊ-साडेनऊपर्यंत निम्मे काम सूर्यच करतो. आपल्या गाडीत धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाची वेगळी टाकी असेल तर तीही उणे ११ अंशांना गोठते, पण त्यासाठी कंपनीने हीटर दिलेला असतो. ती काठोकाठ भरू नये, एवढेच पथ्य.

प्रश्न : माझी सीएनजी गाडी आहे. तीच घेऊन डिसेंबरात मनालीला जावे का?
– एक वाचक, बेलापूर

उत्तर : जावे, पण ती पेट्रोल गाडी आहे असे समजून. सीएनजीचा दाब कमी करणारा रेग्युलेटर गॅस फुगताना गार पडतो आणि त्याला इंजिनाच्या गरम पाण्याची ऊब लागते; पाणी तापेपर्यंत गाडी पेट्रोलवरच चालते. वर्षभर पंपावर रांगा लावून पेट्रोलला हात न लावणाऱ्यांच्या टाकीत सहा महिन्यांपूर्वीचे दोन लिटर पेट्रोल असते. ते संपवून ताजे भरावे आणि निघण्याआधी आठवडाभर गाडी केवळ पेट्रोलवर चालवून बघावी. थर्मोस्टॅटबद्दल वर खारघरच्या वाचकांना जे लिहिले, ते आपल्यालाही लागू आहे.

प्रश्न : माझी मुलगी कॅनडात विनिपेग येथे शिकते. तिने तिथे २०१२ सालची वापरलेली गाडी घेतली आहे. पुढच्या जाळीतून विजेचा प्लग लोंबतो आणि तो रात्री घराच्या सॉकेटला लावायचा, असे विकणाऱ्याने सांगितले. मला हे धोक्याचे वाटते. फोटोत दाराखालच्या कडाही गंजलेल्या दिसतात. तिने काय बघावे?
– एक आई, नौपाडा

उत्तर : त्या प्लगाची काळजी करू नका; तो नसता तर काळजी करायला हवी होती. विनिपेगचे जानेवारीतले सरासरी तापमान उणे १६ अंशांच्या आसपास असते आणि रात्री ते बरेच खाली जाते. आपण बादलीतले पाणी तापवायला रॉड लावतो, तसाच एक छोटा हीटर तिथे इंजिनाच्या पाण्यात बसवलेला असतो. तो बहुधा चारशे ते हजार वॉटचा असतो, आणि निघण्यापूर्वी तीन-चार तास लावला तरी पुरतो. म्हणून रात्रभर वीज जाळण्याऐवजी टायमर लावावा. तिने वायरचे आवरण कुठे तडकले नाही ना, प्लगला अर्थिंगची तिसरी पिन शाबूत आहे ना आणि जोडवायर घराबाहेर वापरण्याजोगी आहे ना, एवढे बघावे. गाडी काढताना प्लग सोडायला विसरणारे पुष्कळ असतात, तेव्हा वायर ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशावरून घेऊन लावण्याची सवय चांगली.

गंज मात्र गंभीरपणे घ्यावा. आपल्याकडे विटावा, कोलशेत, ऐरोलीच्या खाडीकाठी उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे पत्रे खाऱ्या हवेने खातात; तिथे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठच टाकतात आणि ते चाकांनी उडून गाडीच्या पोटात जाऊन बसते. दाराखालची कड डोळ्यांना दिसते म्हणून तिची चर्चा होते, खरी भीती न दिसणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी पाइपांची असते. गाडी लिफ्टवर चढवून घ्यावी आणि पाइप, स्प्रिंगच्या बैठका, सांगाड्याचे जोड यांवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघायला सांगावे. ठणठणीत आवाज आला तर गंज वरवरचा आहे; आवाज बद्द आला किंवा पापुद्रे गळले, तर तिथला पत्रा संपला आहे. पाइप सुजल्यासारखे दिसत असतील तर ते बदलल्याशिवाय तिने गाडी चालवू नये. पुढे दर हिवाळ्याआधी पोटाला तेलाचा फवारा मारून घेण्याची तिथे पद्धत आहे, ती पाळावी.

बॅटरीबद्दल एक गोष्ट तिला नक्की कळवा. पूर्ण चार्ज बॅटरीतले ॲसिड उणे ५५ च्याही खाली गोठते, पण उतरलेल्या बॅटरीतले उणे १० च्या आसपासही गोठू शकते. दिवा चालू राहून बॅटरी उतरली आणि तिच्या बाजू फुगलेल्या दिसल्या, तर दुसऱ्या गाडीवरून जंप देण्याचा प्रयत्न करू नये. ती फुटू शकते. टायर हिवाळ्याचेच घ्यावेत, कारण साधे रबर सात अंशांखाली कडक होऊ लागते. क्विबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर कायद्यानेच लागतात. विनिपेग ज्या प्रांतात आहे त्या मॅनिटोबात सक्ती नाही, पण कायदा नसला म्हणून रस्ता कमी निसरडा होत नाही. तिथे टायरच्या दाबाला उंचीची सूटही मिळत नाही, म्हणजे २० अंशांच्या गॅरेजात भरलेली हवा बाहेर उणे २५ ला सुमारे आठ पीएसआयने कमी होते. आणि बर्फात गाडी अडकल्यास आत बसून इंजिन चालू ठेवण्यापूर्वी उतरून सायलेन्सरचे तोंड मोकळे करावे. ते बर्फाने बुजले तर विषारी वायू गाडीतच शिरतो आणि त्याला वास नसतो.

प्रश्न : मी लष्करातून निवृत्त होऊन नेरूळला परतलो आहे. माझी पेट्रोल गाडी तीन वर्षे लेहमध्ये होती. तिच्यात इथल्या हवेसाठी काय बदलावे?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : फारच थोडे. हिवाळी टायर असतील तर ते काढावेत, कारण ते मऊ रबर इथल्या तापलेल्या डांबरावर झपाट्याने झिजते. कूलंट लेहच्या थंडीसाठी साठ-सत्तर टक्क्यांचे केले असेल तर ते पुन्हा निम्म्यावर आणावे, कारण ग्लायकॉल वाढले की उष्णता वाहून नेण्याची पाण्याची ताकद घटते आणि तुर्भ्याच्या सिग्नलला त्याचा फटका बसतो. ऑइल पुस्तिकेतल्याप्रमाणे असेल तर ५डब्ल्यू असले तरी राहू द्यावे. पुढचा आकडा ३० किंवा ४० असेल, तर इथल्या उन्हात काम तोच करतो. बॅटरीने लेहची पहाट तीन वर्षे निभावली असली तरी तिची खरी परीक्षा आता आहे. आतल्या पट्ट्या झिजतात त्या उन्हाने, आणि थंडीत फक्त ते उघडकीला येते. दर दोन महिन्यांनी तिचे पाणी बघत जावे. साखळ्या विकून टाकण्याची घाई करू नका. गोड्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून आणि जुन्या ऑइलचा हात फिरवून त्या गोणपाटात बांधून ठेवा, कारण या सदराच्या पत्रांवरून पाहता नेरूळमध्येच त्या उसन्या मागायला कोणीतरी डिसेंबरात येईल.